थोरल्या गोविंदाची घागर

गोविंदा नंदनकर यांच्या उजव्या मनगटात लोखंडाचं एक कडं असतं. जाड, खडबडीत, एका बाजूनं झिजलेलं. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून सगळी नोकरी केली आणि सगळी नोकरी या कड्यापायी बोलणी खाल्ली. मशीनवर काम करताना हातात काही घालायचं नाही, असा नियम. हे कडं काढायला तयार नाहीत. शेवटी तडजोड झाली. कड्यावर चिंधी गुंडाळायची, वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा चढवायचा. सुटीनंतर कंपनीच्या बसमध्ये बसले की पट्टा सोडायचा.

"थोरल्या गोविंदाचं आहे," विचारणाऱ्याला ते एवढंच सांगत.

मी त्यांच्या सक्करदऱ्याच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. मराठीत एम.ए. झालो आहे आणि नोकरी शोधतो आहे. ते निवृत्त आहेत. मी त्यांना काकाजी म्हणतो, ते मला धम्मा म्हणतात. संध्याकाळी आम्ही तलावाकडे फिरायला जातो. ते अंगानं दांडगे. खांदे पुढे आलेले, कानांवर दाट केस, चाल सावकाश. बोलतात कमी. एखादी गोष्ट सांगायला लागले की मात्र ती तंबूचीच असते.

त्यांचे आजोबा गणपतराव यांचा जनावरांचा तंबू होता. सर्कस नव्हे. झोके नाहीत, विदूषक नाही. बैलगाड्यांवर पिंजरे लादून हे कुटुंब जत्रांमागून जत्रा फिरायचं. रामटेक, आंभोरा, तिकडे शिवनी, छिंदवाडा. बिबट, तरस, अजगर, अस्वल, माकडं. लोक तिकीट काढून आत यायचे, पिंजऱ्यांसमोरून सरकायचे आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर पडायचे. पुढे परवाने मिळेनासे झाले. तंबू बंद झाला तेव्हा काकाजी अगदी लहान होते. त्यांना आठवतो फक्त वास.

"भिजलेलं तनस आन् जनावराचं आंग," ते म्हणतात. "अजूनही कोन्या गोठ्यावरून तसा वास आला का गाडी थांबवतो मी. उगीच."

बाकी सगळं त्यांना आईकडून मिळालं होतं. पुष्पलताबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांच्या गोष्टींत सगळ्यात जास्त यायचे ते थोरले गोविंदा, ज्यांचं नाव काकाजींना ठेवलं. थोरले गोविंदा अंगानं दांडगे. बोलणं नाही. लग्न नाही. गाडीखाली झोपायचे. विस्तवाला भ्यायचे. मोहाच्या फुलांवर जीव. एकदा रामटेकच्या जत्रेत गणपतरावांची लहान मुलगी सिंधू हरवली. सगळ्यांनी जत्रा पालथी घातली. ती थोरल्या गोविंदांच्या कुशीत, गाडीखाली गाढ झोपलेली सापडली. ऊन सरकून अंगावर आलं होतं. जेवण समोर ठेवलेलं होतं. पोरीची झोप मोडेल म्हणून ते हलले नव्हते.

"नाव घेतलं आहे तू त्यायचं," पुष्पलताबाई मुलाला सांगायच्या. "नाव राख."

काकाजींनी ते राखलं. कारखान्यात एकदा लोखंडी पत्रे घसरून एका तरुण कामगाराचा पाय खाली अडकला. क्रेन यायला वेळ लागला. तोवर काकाजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांच्या स्वतःच्या पायाखाली पत्र्याची धार रुतत होती. ते हलले नाहीत. तो व्रण मी पाहिला आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "थोरले नसते हलले."

मला थोरले गोविंदा स्पष्ट दिसायचे. झुपकेदार मिशा, बंडी, उघडे पाय. काकाजींनाही तसेच दिसत असत.

नंदनकरांकडे अकितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात. तशा नागपुरात पुष्कळ घरी भरतात. लाल मातीची लहान घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज, किंवा आंबा, समोर पळसाच्या पानावर शेवया, कुरडई, चिंचवणी. घरातली बाई एकेक नाव घेते आणि घरातला पुरुष त्या नावाची घागर भरतो. नावं पुष्पलताबाई घ्यायच्या. थोरल्या गोविंदांच्या पानावर त्या न चुकता सुकी मोहाची फुलं ठेवायच्या.

यंदा नावं घ्यायला त्या नव्हत्या. काकाजींची पत्नी फार पूर्वी गेली. उरली एकुलती मुलगी रितिका. ती पुण्यात नोकरी करते. फोन स्पीकरवर होता, म्हणून त्यांचं बोलणं मी ऐकलं.

"मी येतो म्हटलं ना बाबा. पण पोपटासारखी नावं नाही घेणार मी. कोणाले पाणी पाजून राहिली, ते मले कळलं पाहिजे."

"आपलेच लोक आहेत वं."

"कोण कोणाचं कोण? मी ॲपवर वंशावळ टाकून राहिली. सगळे बसले. हे तुमचे थोरले गोविंदा बसून नाही राहिले. वडिलांचं नाव टाकल्याशिवाय ते ॲप पुढंच जात नाही."

"माहीत नाही लिही."

"काहून? ज्याचं नाव घेऊन तुम्ही जन्मभर फिरले, त्याचा बाप माहीत नाही?"

काकाजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ कडं फिरवत बसले. रितिकानं नावं घेतली नाहीत, तर त्यांच्यानंतर घागरी बंद होणार होत्या. आणि थोरल्या गोविंदांना जागा सापडली नाही, तर सगळ्यात आधी त्यांची घागर बंद होणार होती.

"धम्मा," ते म्हणाले, "पारशिवनीले आत्या आहे. जाऊन येऊ. तू लिहून घेजो."

मी लगेच हो म्हटलं. आमच्या घरी वंशावळ छप्पन्न सालच्या बौद्ध दीक्षेपासून सांगतात. आपण तिथे जन्मलो, असं आजोबा म्हणायचे, आणि त्यामागचं बोलत नसत. मागे मागे जाणाऱ्या रेघांचं मला कुतूहल होतं.

चैत्र होता. आम्ही मोटरसायकलवर गेलो. सिंधूताई ओसरीवर बाजेवर बसून चिंच फोडत होत्या. जत्रेत हरवलेली मुलगी ती हीच. आता अंगानं काडी झालेली, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. जीभ मात्र शाबूत होती.

"ये गा जाड्या. मायच्या तेरवीनंतर आज तोंड दाखवतं. हा पोट्टा कोन?"

"दोस्त आहे माझा. धम्मदीप."

"दोस्त! नातू पाहिजे होता तुले या वयाचा. बस रे पोरा, चिंच खाशीन का?"

त्या भराभर सांगत गेल्या. त्यांचे वडील गणपतराव. मूळ काम विणकराचं. माग बंद पडला तेव्हा कोणीतरी आपल्या कर्जाच्या बदल्यात एक तरस गळ्यात मारलं आणि त्यातून तंबू उभा राहिला. "लोकायसमोर माझ्या बापाच्या तोंडातून साखर गळे. घरी आला का तोंड शिवलेलं." त्यांची आई प्रेमिला. ती जनावरांचं मांस तोडायची आणि स्वतः माळकरी होती. मी नावं उतरवून घेत होतो. मग माझी पाळी आली.

"आणि थोरल्या गोविंदांच्या वडिलांचं नाव काय?"

"कोन्या गोविंदाच्या?"

"ज्यांचं नाव काकाजींना ठेवलं, त्यांच्या."

सिंधूताईंचा चिंच फोडणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला. काकाजींनी पाणी दिलं.

"त्याच्या बापाचं नाव रानात जाऊन विचार, पोरा. पेंचच्या अंगानं कुठी सापडला होता. एवढासा. डोळेही उघडले नव्हते."

"आत्या, मस्करी नको करू," काकाजी म्हणाले.

"मस्करी? अरे, अस्वल होता तो!"

मी वहीवर पेन टेकवून तसाच राहिलो. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

"तुले ठाऊक नव्हतं?" सिंधूताईंचा आवाज उतरला. "पुष्पीनं नाही सांगितलं?"

"तू हरवली होती," काकाजी सावकाश म्हणाले. "रामटेकले. त्यायच्या कुशीत..."

"ते खरंच आहे ना. पोटात तोंड खुपसून झोपली मी त्याच्या. काय ऊब होती बाप्पा! समोर मोहाची टोपली होती. हलला नाही." त्यांनी पुढे वाकून काकाजींचा हात हातात घेतला. "माय वं! हे अजून घालून राहिला? त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचं कडं आहे हे. साखळी अडकवत याच्यात. हे झिजलं आहे ना, ते साखळीनं."

काकाजींनी हात सोडवून घेतला आणि कड्यावर दुसरा हात ठेवला.

मग सिंधूताईंनी तंबूची रीत सांगितली. तंबूत कोणी मेलं की त्याचं नाव मोकळं व्हायचं. त्यानंतर तंबूत जो जीव आधी येईल, माणसाचा असो की जनावराचा, त्याला ते नाव मिळायचं. गणपतरावांचा हा नियम होता. हाक मारली नाही तर नाव मरतं, असं ते म्हणत.

"तारा माझी बहीण. तापानं गेली. मंग बिबट व्याली, तर पिल्लाचं नाव तारा. माझ्या मायनं त्याले बाटलीनं दूध पाजलं. आता तू शिकलेला आहे, तूच सांग. तारेची घागर कोनाची?"

मी वहीत तारा हे नाव लिहिलं.

"दोघीयची. एकच घागर."

"आणि अस्वलाला गोविंदा नाव कोणाचं मिळालं होतं?"

"असन कोनी. माझ्या जन्माच्या आधीचं आहे ते."

काकाजी अंगणाकडे पाहत होते. "मी झालो त्या साली मोकळं नाव दुसरं नव्हतं का आत्या?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू होता की त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला.

"होतं ना. माझा सख्खा काका त्याच साली मेला होता. बापानं त्याचंच नाव धरलं होतं तुझ्यासाठी. तुझी माय अडून बसली. गोविंदाच पाहिजे म्हने." सिंधूताईंनी चिंचोके बाजूला सारले. "उमरेडची पोरगी ती. जनावराच्या वासानं दोन घास जात नव्हते तिचे. रोज रडे. तंबूत रडाले जागा कुठी? त्या म्हाताऱ्या अस्वलाजवळ जाऊन बसे. दात पडले होते त्याचे, दिसत नव्हतं. तो तिचे पाय हुंगे आन् पडून राहे. त्याच्या नाकात दोर होता, माझ्याच बापानं घातलेला. तो काढाले लावला पुष्पीनं. सासऱ्याशी भांडली त्याच्यासाठी. नवी सून!"

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"शायेतले पोट्टे चिडवतीन म्हनून. मंग तू मोठा झाला आन् त्याच्याचसारखा निघाला. मंग कोन सांगन?"

परत येताना काकाजी मागे बसले होते. गाव सुटल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला मोहाचं झाड होतं. खाली फुलं पडली होती, पिवळट, टपोरी. सकाळी वेचणाऱ्या बायांच्या हातून सुटलेली. काकाजी झाडाखाली बसले. रुमाल पसरला आणि एकेक फूल वेचून त्यात ठेवू लागले.

"धम्मा, मी जनमभर कोनाचं नाव राखलं गा?"

मी वाकून एक फूल उचललं आणि त्यांच्या रुमालात ठेवलं.

"तो पोरगा माझ्या मांडीवर होता ना, पत्र्याखालचा, तवा मी त्यायलेच आठवत होतो. मिशीवाला मानूस दिसे मले."

त्यांनी एक फूल तोंडात टाकलं. दर अकितीला ही फुलं त्यांच्या घरात येत, पण त्यांनी कधी खाल्ली नव्हती. ती थोरल्यांची असत.

"गोड आहे," ते म्हणाले. आणि रडायला लागले.

मी मोटरसायकलजवळ जाऊन उभा राहिलो. पुष्पलताबाईंच्या गोष्टी मी मनात पहिल्यापासून पुन्हा ऐकल्या. त्या एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. दांडगे, बोलणं नाही, लग्न नाही, विस्तवाला भ्यायचे. मिशा, बंडी आणि उघडे पाय आम्ही लावले होते.

त्या आठवड्यात काकाजी तलावावर आले नाहीत. एकदा खाली गेलो तर ते नळाखाली मनगटाला साबण चोळत होते. कडं निघालं. खाली कातडीचा पांढरा पट्टा होता. कडं त्यांनी खिडकीत ठेवलं. कुंभाराकडून घागरी आणल्या तेव्हा मी बरोबर होतो. यंदा पुष्पलताबाईंची एक वाढायला हवी होती. ती त्यांनी घेतली. तरी घागरी दरवर्षीइतक्याच होत्या.

"काकाजी, एक कमी आहे," मी म्हटलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि थैली उचलली.

अकितीच्या सकाळी रितिका आली. आल्या आल्या तिनं मला विचारलं, "काय म्हणतो साहित्यिक? सापडला का थोरल्यांचा बाप?" मी काकाजींकडे पाहिलं. ते देवघरासमोर पाट मांडत होते. रितिकानं घागरी पाहिल्या. बोटांवर नावं मोजली.

"थोरल्यांची कुठं आहे?"

"त्यायची नाही भराची आता."

"काहून?"

"तुले पाहिजे होतं ना, कोनाले पानी पाजून राहिली ते? अस्वल होता वं तो. तंबूतला. त्याचं नाव ठेवलं मले." काकाजी पाट सरळ करत राहिले. पाट सरळच होता. "वंशावळीत जागा नाही त्याले. तू बाकीचे नावं घे."

रितिका हसली. मोठ्यानं, सिंधूताईंसारखीच. काकाजींची मान खाली गेली. तिनं ते पाहिलं आणि तिचं हसू मध्येच थांबलं.

"आजीले माहीत होतं?"

मग मीच सांगितलं. उमरेडची नवी सून, रडायला जागा नसलेला तंबू, दात पडलेलं म्हातारं जनावर, नाकातला दोर. दोन मोकळी नावं आणि त्यातलं एक मागून घेणारी बाई. रितिका भिंतीला टेकून ऐकत होती. पूर्ण ऐकलं. मग तिनं दारातल्या माझ्या मोटरसायकलची किल्ली मागितली आणि निघून गेली.

काकाजी पाटाशी बसून राहिले. शेवयांवर माशा येत होत्या, त्या मी हाकलत होतो.

रितिका परत आली ती घामाघूम होऊन. कुंभाराकडच्या चांगल्या घागरी संपल्या होत्या. तिला एक थोडी वाकडी, इतरांपेक्षा मोठी घागर मिळाली होती. पोट सुटलेली. तिनं ती धुतली आणि रांगेत पुष्पलताबाईंच्या घागरीशेजारी ठेवली. खिडकीतलं कडं आणून तिच्या पायाशी ठेवलं.

"मोहाची फुलं कुठं आहेत? आजी ठेवायची ती?"

काकाजी उठले. आत जाऊन रुमाल घेऊन आले. फुलं सुकून तांबूस झाली होती.

"ॲपचं काय?" मी विचारलं.

तिनं फोन काढला. थोरल्या गोविंदांच्या वडिलांच्या रकान्यात तिनं दोन अक्षरं टाकली आणि फोन माझ्यापुढे धरला. रान. ॲप पुढे सरकलं होतं.

मग तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. आजी घ्यायची त्याच क्रमानं, त्याच हेलात. गणपतराव. प्रेमिला. तारा म्हणाली आणि मला वाटलं, ती थोडी जास्त थांबली. काकाजी तांब्यानं घागरी भरत होते. पुष्पलता म्हटल्यावर काकाजींनी तांब्या पुन्हा काठोकाठ भरून घेतला. शेवटी ती म्हणाली, "थोरले गोविंदा."

काकाजींनी वाकड्या घागरीत पाणी ओतलं. ती मोठी होती, भरायला वेळ लागला. काठापर्यंत आली तरी ते ओततच होते. पाणी सांडून कड्याभोवती साचलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी कडं उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि मनगटात चढवलं. पांढऱ्या पट्ट्यावर ते बरोबर बसलं.

रितिका बघत होती. "बाबा, तुमच्यानंतर हे नाव कोणाले?"

काकाजींनी कडं फिरवलं. झिजलेली बाजू वर आणली.

"जो आधी येईन त्याले," ते म्हणाले.